डोळ्याचे अकरा ठिपके

सन २०१६च्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. बालाघाटावरच्या आमच्या भागाला लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता, विहिरींचे तळ उघडे पडले होते, लग्नसराई तोंडावर आली असूनही माझ्या तारखांच्या वहीची पाने बहुतांशी कोरीच होती. आणि अशा दिवसांत, दुपारच्या निवांत वेळी, किल्ले धारूर येथील माझ्या स्टुडिओच्या पायरीशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, पदराआड धरलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदात जपून गुंडाळलेले एक छायाचित्र. ते मीच काढलेले होते. २००९च्या उन्हाळ्यात, त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात, अक्षता पडल्यानंतर मांडवात घेतलेला तो भाऊबंदांचा सामुदायिक फोटो होता, माणसे पन्नासेक. बाईंनी दुसऱ्या ओळीतील उजवीकडून चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “भाऊ, एवढा आमचा मालक मोठा करून द्या. तेरवीला ठिवायचाय. दुसरा फोटूच न्हाई बघा त्यांचा.”

नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत ज्यांची नोंद होते, अशा हजारो जोडप्यांपैकी ते एक होते. दिवाळीनंतर उचल घेऊन साखर कारखान्यावर गेले, आणि हंगाम संपण्याआधी बाई एकट्याच परत आल्या. मी तत्काळ जुन्या तबकड्यांतून ती मूळ फाईल शोधून काढली. माझा तो पहिला डिजिटल कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा. त्याचे चित्र आडवे ३००८ आणि उभे २००० ठिपक्यांचे. एका ओळीत पंधरा माणसे उभी केली, आणि दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा धरली, तर एका माणसाच्या वाट्याला एकशे अठ्ठ्याऐंशी ठिपके येतात. त्यातला चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत पाऊणशे ठिपक्यांचा, आणि डोळा अवघ्या अकरा ठिपक्यांचा. त्या अकरा ठिपक्यांत पापणी, बुबुळ, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या आणि त्या माणसाचे पाहणे, हे सर्व सामावलेले असायचे होते, आणि ते तेथे नव्हते. मी तो चेहरा वाढवला, कडा मृदू केल्या, फुटलेल्या ठिकाणी हाताने रंग भरला, रात्रभर बसून होता होईल तेवढे केले. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती तसबीर दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “हे त्यांच्या भावावानी दिसतंय.” मग पुन्हा कागदात गुंडाळून ती घेऊन गेल्या, कारण तेरवी परवावर आली होती.

त्या एका वाक्याने मी कॅमेरा बदलण्याचा निश्चय केला.

आमच्या व्यवसायासंबंधी शहरातल्या लोकांची समजूत अशी असते की लग्नाचा छायाचित्रकार हा समारंभाच्या शोभेचा माणूस होय. वस्तुतः आमच्या तालुक्यात तो एक प्रकारचा दप्तरदार आहे. ज्या घरात आधारकार्डावरच्या अंधुक चौकोनाखेरीज माणसाचे दुसरे चित्र नाही, त्या घरात लग्नाच्या अल्बममधले सामुदायिक छायाचित्र हा वाडवडिलांचा एकमेव दस्तऐवज असतो, आणि त्याची खरी गरज लग्नाच्या दिवशी पडत नसून पाच, दहा, पंधरा वर्षांनी, घरातले एखादे माणूस निघून गेल्यावर पडते. माझ्या गुरूंनी, ज्यांच्या बीड येथील स्टुडिओत मी तीन वर्षे उमेदवारी केली, हे जाणले होते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचा सुळसुळाट झाल्यावरही सामुदायिक छायाचित्रासाठी ते आपला याशिका-मॅट हा दोन भिंगांचा जुना कॅमेरा आणि १२० क्रमांकाची रुंद फिल्मच वापरीत. त्या फिल्मवरची चौकोनी निगेटिव्ह जवळजवळ सहा सेंटिमीटर लांबरुंद असे, आणि तिच्यातून कोणताही चेहरा उचलून मोठा केला तरी तो चेहराच राहत असे. त्याहूनही मागे गेले तर, आमचा हा मुलूख ज्यांच्या अमलाखाली होता त्या सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ मोठ्या आकाराच्या काचेच्या तबकड्यांवर काम करीत. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्या चित्रांतले मागच्या रांगेतले चोपदारसुद्धा आपल्याकडे पाहत असतात. साधन लहान होत गेले, स्वस्त होत गेले, हाताळण्यास सुलभ झाले; परंतु या प्रवासात मागच्या रांगेतला माणूस पुसट होत गेला, हे आम्ही व्यावसायिकांनी कोठे लिहून ठेवले नाही.

नवा कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. दुष्काळी सालात पतसंस्थेच्या दारात उभे राहण्यापेक्षा आठ वर्षांपूर्वीचा परंतु उत्तम प्रतीचा जुना जिन्नस घ्यावा, आणि साठ हजारांपलीकडे जाऊ नये, असा मी हिशोब बांधला. या रकमेत, माझ्या कामाला उपयोगी पडतील आणि ज्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या पूर्ण आकाराचा, म्हणजे छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा आहे, असे दोनच कॅमेरे नजरेसमोर राहिले: निकॉन डी ७०० आणि कॅनन ५ डी मार्क २. दोन्ही २००८ सालचे. पहिला त्या वर्षीच्या १ जुलैला जाहीर झाला आणि दुसरा १७ सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला साठ वर्षे पूर्ण झाली तो दिवस, त्या दिवशी मी तहसील कचेरीसमोरच्या झेंडावंदनाची छायाचित्रे घेत होतो, म्हणून ही तारीख माझ्या लक्षात राहिली आहे. माझ्या जुन्या सहा मेगापिक्सेलवाल्याच्या सेन्सरपेक्षा या दोहोंच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक आहे. साम्य येथे संपते. निकॉनचे चित्र बारा मेगापिक्सेलचे, ४२५६ बाय २८३२ ठिपक्यांचे. कॅननचे एकवीस मेगापिक्सेलचे, ५६१६ बाय ३७४४ ठिपक्यांचे. बाईंच्या तसबिरीने मला जे शिकवले होते त्यावरून निकाल उघड दिसत होता, आणि मी मनातल्या मनात कॅननला कौल देऊनच चौकशीला बाहेर पडलो.

डी ७०० बीड शहरातच होता. एक सेवानिवृत्त शिक्षक, पक्षिनिरीक्षणाचे व्रतस्थ उपासक, पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात पहाटेपासून दबा धरून बसणारे. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांनी कॅमेरा विकावयास काढला होता. केवळ कॅमेराच, बॅटरीवाचून, पाच ग्रॅम कमी एक किलो भरतो. त्यावर लांब भिंग लावून टेकड्या चढणे त्यांना आता शक्य नव्हते. सरांनी कॅमेरा माझ्या हाती देण्याआधी एक दोनशे पानी वही दिली. तीत पहिल्या दिवसापासूनची नोंद होती: कोणत्या दिवशी कोठे गेलो, किती चित्रे घेतली, सेन्सर केव्हा साफ करून घेतला, बॅटरी केव्हा बदलली. शेवटची बेरीज एकसष्ट हजार चारशेच्या घरात होती. “तुम्ही माझ्या वहीवर विश्वास ठेवू नका,” सर म्हणाले, “कॅमेऱ्याला विचारा.” या कॅमेऱ्याची ही सोय खरोखरच फार चांगली की तो प्रत्येक चित्राच्या फाईलमध्ये आपले पडदे आजवर किती वेळा उघडले त्याचा आकडा लिहून ठेवतो, एक चित्र काढायचे, संगणकावर उघडायचे आणि आकडा वाचायचा. आम्ही रुजुवात घातली. वहीत आणि फाईलमध्ये सतरा चित्रांचा फरक निघाला. पडद्यांची हमी दीड लाख वेळांची. म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक होते.

जुना कॅमेरा पाहण्याची एक रीत आहे आणि ती कोणीही शिकावी अशी आहे. भिंगाचे छिद्र बावीसपर्यंत बारीक करून निरभ्र आकाशाचे एक चित्र घ्यावे, म्हणजे सेन्सरवर बसलेली धूळ काळ्या डागांच्या रूपाने दिसते. भिंगावर झाकण ठेवून अर्ध्या मिनिटाचे एक चित्र घ्यावे, म्हणजे बिघडलेले ठिपके काळोखात ताऱ्यांप्रमाणे चमकतात. कार्डाच्या खाचेत बॅटरीचा उजेड टाकून आतल्या बारीक सुया एकूण एक सरळ आहेत ना हे पाहावे, कारण या दोन्ही कॅमेऱ्यांत कॉम्पॅक्ट फ्लॅश जातीचे कार्ड चालते आणि ते एकदा तिरपे दाबले गेले की सुई वाकते. भिंग बसते त्या धातूच्या कड्यावर बोट फिरवावे, खरवड लागली तर भिंगे घाईघाईने बदललेली आहेत असे समजावे. सरांच्या कॅमेऱ्याला एकच उणीव होती: अंगठ्याखालचे रबर एका कोपऱ्यात सैल झाले होते, जे आमच्या भागातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात कोणत्याही कॅमेऱ्याचे होते. मी पंचवीस हजार रुपये अनामत ठेवली आणि चार दिवसांच्या मुदतीने तो कॅमेरा मागितला. सरांनी तो दिला, वर आपली पन्नास मिलिमीटरची लेन्सही दिली.

दुसरा कॅमेरा औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास होता. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोड, आडूळ असा तो एस. टी.चा रस्ता मी त्या वर्षी प्रथमच इतक्या उदास मनाने पाहिला, कारण पुलाखाली पाहण्यासारखे पाणीच नव्हते. तेथील एक वयस्क स्टुडिओचालक आपला पसारा आवरीत होते. त्यांचा ५ डी मार्क २ बाहेरून पाहता फारच वापरलेला वाटे. काळा रंग उडून कडांना खालचा धातू दिसत होता, आणि सबंध यंत्राला हळदीचा एक सूक्ष्म पिवळा वास होता, जो लग्नात काम केलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला येतो. हा कॅमेरा आपल्या उघडझापीचा आकडा फाईलमध्ये लिहीत नाही. तो तारेने संगणकाला जोडून वेगळ्या साधनाने वाचावा लागतो. काकांनी तेही विनातक्रार करू दिले. एक लाख बारा हजार. त्यांनी किंमत अठ्ठेचाळीस हजार सांगितली, सरांनी बावन्न सांगितली होती. काका म्हणाले, “आकड्याला भिऊ नका. चालत्या कॅमेऱ्याला गंज लागत नाही. मी याच्यावर लेकीचं लग्न केलं.” त्या बोलण्यात तथ्य होते, आणि मला तो कॅमेरा मनापासून आवडला. याच जातीच्या कॅमेऱ्याने २००९च्या जानेवारीत अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष ओबामा यांचे अधिकृत छायाचित्र घेतले गेले; तेथील अध्यक्षाचे डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेले पहिलेच अधिकृत छायाचित्र ते. या यंत्रात चलच्चित्रणाची सोय आहे, ती निकॉनमध्ये मुळीच नाही. परंतु आमच्याकडे शूटिंगवाला हा वेगळा माणूस असतो, त्याची सुपारी वेगळी ठरते. त्यामुळे ही सोय माझ्या जमाखर्चात धरण्याचे कारण नव्हते. तेथेही अनामत ठेवली, आणि दोन्ही कॅमेरे दोन वेगळ्या पिशव्यांत घालून मी धारूरला परतलो.

परीक्षेचा योग तेलगावकडे उतरणाऱ्या धारूरच्या घाटाखालच्या एका वस्तीवर आला. कारखान्यावरून टोळ्या परतू लागल्या होत्या आणि एका घरी साखरपुडा होता. मुलीचा शाळेचा दाखला मी आधी पाहून घेतला होता. ती विसाव्या वर्षात होती. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लग्न लावून देणाऱ्यांनाही शिक्षा सांगतो, परंतु केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे, तर अठराच्या आतल्या मुलीच्या कपाळावरचे कुंकू आपल्या कॅमेऱ्याने साजरे करू नये म्हणून मी हा शिरस्ता पाळतो. दुपारी दोनच्या सुमारास, लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात, मी अठ्ठेचाळीस माणसांना चार ओळींत उभे केले: पुढे बसलेली मुले, मग खुर्च्यांवर म्हातारी माणसे, मागे उभे बाप्ये, आणि सगळ्यांत मागे बाकावर चढलेले तरुण. तिपाईवर प्रथम एक कॅमेरा लावला, मग दुसरा. लेन्सचा पल्ला, छिद्र, वेळ, संवेदनशीलता सर्व सारखे.

मांडवाच्या लाल कापडातून गाळून येणारा तो उजेड ही आमच्या धंद्यातली सर्वांत कठीण बाब होय. उन्हाने रापलेली, ताम्रवर्णाची माणसे. त्यांच्या डोक्यावर पांढऱ्याशुभ्र टोप्या. चेहऱ्यावर कापडाची लाली आणि टोपीच्या कडेने, मांडवाच्या फटीतून आलेली उन्हाची एक जळती रेघ. टोपी सांभाळावी तर कपाळाखाली काळोख पडतो, चेहरा उजळावा तर टोपी कागदासारखी कोरी होते. घरी येऊन संगणकावर दोन्हीकडच्या कच्च्या फायली शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा कॅननची कातडीची रंगत पहिल्या दृष्टिक्षेपात अधिक उबदार, अधिक जिवंत वाटली, हे कबूल केले पाहिजे. तथापि कच्ची फाईल हाताने रंगास आणल्यावर हा भेद जवळजवळ नाहीसा झाला. उलट टोपीखालचा काळोख उजळू लागलो तेव्हा कॅननच्या सावलीत बारीक आडव्याउभ्या रेघांचे विणकाम वर येऊ लागले, आणि निकॉनची सावली खरखरीत झाली तरी रेघाविरहित राहिली. खरखर डोळा विसरतो, रेघ विसरत नाही.

मग मी ठिपके मोजले. तोच पंधरा माणसांच्या ओळीचा हिशोब: जुन्या कॅमेऱ्यात डोळ्याला अकरा ठिपके, डी ७०० मध्ये सोळा, मार्क २ मध्ये एकवीस. एकवीस हे अकराच्या जवळजवळ दुप्पट. पापणीची रेघ वेगळी दिसत होती, एका आजोबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूसुद्धा ओळखू येत होता. मी त्या चेहऱ्याची तसबीर छापून पाहिली, आणि तेव्हा मला जे दिसले त्याने माझी सगळी पूर्वतयारी उलटून टाकली. एकवीस ठिपक्यांची तसबीरसुद्धा चांगली नव्हती. पूर्वीपेक्षा बरी होती, ओळखू येत होती, ‘भावावानी’ दिसत नव्हती. पण गुरूंच्या रुंद फिल्मशी तिची तुलना होऊ शकत नव्हती. अठ्ठेचाळीस माणसे एका चौकटीत कोंबली की त्यांतल्या एकाला न्याय देणे या दोहोंपैकी एकाही यंत्राच्या आवाक्यात नव्हते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर, जे वास्तविक पहिल्याच दिवशी सुचावयास हवे होते ते सुचले. सबंध समुदायाचे एक चित्र रिवाज म्हणून घ्यावेच. परंतु लगोलग, माणसे आपापल्या जागी उभी असतानाच, आपण पाच पावले पुढे जाऊन डाव्या अर्ध्याचे एक आणि उजव्या अर्ध्याचे एक अशी आणखी दोन चित्रे का घेऊ नयेत? आठ माणसांची ओळ धरली तर डी ७०० सुद्धा डोळ्याला अठ्ठावीस ठिपके देतो, म्हणजे अठ्ठेचाळीस माणसांच्या चित्रातल्या मार्क २ पेक्षा सात अधिक. आणि समोरच्या ओळीतल्या वृद्धांना दोघे-दोघे करून, खुर्च्या जराशा उजेडाकडे वळवून घेतले, तर ठिपके मोजण्याचे कारणच उरत नाही. ठिपक्यांची उणीव पायांनी भरून काढता येते. मग अशी कोणती उणीव आहे, जी छायाचित्रकाराला कशानेही भरून काढता येत नाही?

याचे उत्तर त्याच साखरपुड्याच्या संध्याकाळच्या चित्रांत पडलेले होते. दिवस मावळल्यावर तारेला टांगलेल्या दोन दिव्यांच्या उजेडात ओटी भरण्याचा कार्यक्रम झाला होता आणि मी दोन्ही कॅमेऱ्यांनी आळीपाळीने तीस-तीस चित्रे घेतली होती. मुलीची आई ओटीत नारळ घालताना क्षणभर मान वळवून नवऱ्याकडे पाहते, एवढाच तो अवधी. चौकटीचा मध्य सोडून कडेला असलेल्या तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी नजर ठरली पाहिजे. डी ७०० मध्ये अशी नजर ठरविणारे एक्कावन्न बिंदू आहेत आणि त्यांपैकी मधले पंधरा आडवे-उभे असे दोन्ही बाजूंनी पारखणारे आहेत. मार्क २ मध्ये दृश्य बिंदू नऊ, आणि त्यांत दोन्ही बाजूंनी पारखणारा केवळ मधला एक. मधल्या बिंदूपुरते पाहिले तर दोघांत मला फरक आढळला नाही. कडेच्या बिंदूंवर मात्र निकॉनची तिसापैकी सव्वीस चित्रे नेमकी आली, कॅननची एकोणीस. माझा हात निकॉनला सरावलेला होता, ही बाबही त्यात धरली पाहिजे. मार्क २ वापरणारे निष्णात लोक मधल्या बिंदूवर नजर ठरवून मग चौकट सरकवतात आणि अप्रतिम काम करतात. परंतु आईने मान वळवली ते चित्र माझ्याकडे एकाच कॅमेऱ्यात नेमके होते. दुसऱ्यात तिच्या मागे टांगलेला कंदील स्पष्ट होता आणि आई नव्हती. कमी ठिपक्यांचा चेहरा निदान त्या माणसाच्या भावासारखा तरी दिसतो. नजर चुकलेला चेहरा कोणासारखाच दिसत नाही.

आणखी दोन गोष्टी निकॉनच्या पारड्यात पडल्या. फिल्मच्या काळातला माझा निकॉन एफ एम १० आणि त्याची हाताने फिरवायची जुनी लेन्स मी विकलेली नव्हती. निकॉनने भिंग बसवण्याचे कडे १९५९ पासून तोवर मुळात तेच ठेवले होते, आणि डी ७०० ला त्या लेन्सचे माप हाताने नोंदवून दिले की तो तिच्यावरही उजेड मोजतो. दुसरी गोष्ट फायलींची. निकॉनची एक कच्ची फाईल सुमारे सोळा मेगाबाइटची होते, मार्क २ ची पंचविसाच्या आसपास. आणि ज्याने एकाही लग्नाची फाईल पुसायची नाही असे ठरवले आहे, त्याला वर्षाकाठी लागणाऱ्या हार्ड डिस्कची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावी लागते. हे पुसायचे नाही असे मी कधी ठरवले, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

काकांचा कॅमेरा परत करताना मला वाईट वाटले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आईच्या दोन्ही चित्रांकडे चष्मा कपाळावर चढवून पाहिले, अनामत मोजून परत दिली आणि म्हणाले, “बरं केलंस. पण अर्धा-अर्धा फोटो घ्यायचं जे तू म्हणतोस ना, ते आम्ही कधी केलं नाही रे.” सरांकडे व्यवहार पन्नास हजारांवर ठरला. साध्या कागदावर खरेदीपत्र झाले, त्यात कॅमेऱ्याचा क्रमांक, उघडझापीचा आकडा आणि सैल रबराचा उल्लेख तपशीलवार घातला, दोघांच्या सह्या झाल्या. सरांनी वहीही दिली. “पुढची पानं तुमची,” एवढेच म्हणाले. त्यांच्या शेवटच्या नोंदीत नायगावचा मोर आहे; त्याखालच्या ओळीपासून माझ्या हस्ताक्षरातली लग्ने सुरू होतात.

तेव्हापासून आजतागायत मी प्रत्येक लग्नात समुदायाची तीन चित्रे घेतो. पहिल्या वर्षी लोक कुरकुरत. जेवणाच्या पंगती खोळंबल्या आहेत, पोरे बाकावरून उड्या मारीत आहेत, आणि हा माणूस पुन्हा पुन्हा “हलू नका, हलू नका” म्हणत पुढे पुढे येतो आहे, हे त्यांना चमत्कारिक वाटे. पुढे सवय झाली. लग्नघरातल्या म्हाताऱ्या माणसांना मी हळदीच्या दिवशीच, सकाळच्या उन्हात, गोठ्याच्या किंवा ओसरीच्या सावलीत बसवून घेतो. त्यांतल्या अनेकांना ते आवडत नाही. “माझं काय करायचंय आता?” असे म्हणतात. मी त्यांना खरे कारण कधी सांगत नाही.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, स्टुडिओचे शटर बंद असतानाही लोक मागच्या दाराने येत होते. कोणी वडिलांचे नाव सांगत, कोणी थोरल्या भावाचे, आणि लग्न कोणत्या गावचे, कोणत्या साली झाले ते सांगत. त्या दोन महिन्यांत मी एकेचाळीस तसबिरी छापल्या. त्यांपैकी तेहतीस अर्ध्या-अर्ध्या घेतलेल्या चित्रांतून काढलेल्या होत्या. त्यांतली एकही परत आली नाही. त्या बाईंचे २००९च्या फोटोतले मालक मात्र मला आजही नीट करून देता आलेले नाहीत; ती फाईल मी जपून ठेवली आहे, आणि ती उघडली की अकराच ठिपके असतात.

कॅमेरा आजही चालतो. वहीतला आकडा एक लाख सदतीस हजारांच्या पुढे गेला आहे आणि अंगठ्याखालचे रबर मी दोनदा चिकटवले आहे.

धारूर, वडवणी, केज आणि माजलगाव या तालुक्यांतील ज्या घरांची लग्ने २०१६च्या उन्हाळ्यापासून मी टिपली, त्या सर्वांच्या मूळ फायली माझ्याकडे गाववार आणि सालवार लावून ठेवलेल्या आहेत. नाव, गाव आणि लग्नाची तिथी सांगितली की सापडतात. पण त्यासाठी घरात कोणी जाण्याची वाट पाहू नका. आईवडील धडधाकट आहेत तोवर त्यांना घेऊन या. उत्तरेकडच्या दाराशी दोन खुर्च्या मांडलेल्या आहेत, आणि सकाळी दहाच्या आत तेथला उजेड चांगला असतो.